एका जेवणातली वीस कामं: खाण्याच्या विकारांत व्यवसायोपचार नेमकं काय करतो

एक जेवण म्हणजे किती कामं, हे एकदा मोजून पाहा. आज काय करायचं ते ठरवायचं. घरात काय आहे ते बघायचं, नसेल ते आणायचं. तांदूळ धुवायचे, भाजी चिरायची, फोडणीला तेल घालायचं, कणीक मळायची, मीठ बघायला चव घ्यायची. मग ताट घ्यायचं, वाढून घ्यायचं, चारचौघांत बसायचं, घास तोंडात घालायचा, चावायचा, गिळायचा, आणि पुरे कधी म्हणायचं तेही ठरवायचं. उठून हात धुवायचे. पुढचा तासभर पोटात अन्न आहे ही जाणीव सोबत घेऊन दुसऱ्या कामाला लागायचं.

निरोगी माणसाला ही साखळी दिसतच नाही, ती आपोआप सरकते. खाण्याचा विकार झालेल्या माणसाला मात्र यातली प्रत्येक कडी वेगळी, टोचणारी दिसते आणि दोन-चार तरी तुटलेल्या असतात. एकीला बाजार जमतो, स्वयंपाक जमतो, पण वाढून घेताना हात थांबतो. दुसऱ्याचं जेवण ठीक होतं, त्यानंतरचा तास निभत नाही. ‘ती खात नाही’ किंवा ‘तो फार खातो’ हे एका वाक्यातलं वर्णन उपचाराला पुरत नाही. कुठली कडी तुटली आहे ते शोधायचं आणि ती प्रत्यक्ष कृती करत, हाताने जोडून घ्यायची, हे व्यवसायोपचाराचं काम.

नावावरून गोंधळ होतो. ‘व्यवसायोपचार’ ऐकून नातेवाईक विचारतात, नोकरी लावून देणार का? इंग्रजी लघुरूप ‘ओटी’ वापरलं तर रुग्णालयात कुणीतरी थेट शस्त्रक्रियागृहाकडे बोट दाखवतं. इथे ‘व्यवसाय’ म्हणजे माणसाचा दिवस ज्या ज्या गोष्टींनी व्यापलेला असतो ते सगळं: अंघोळ, स्वयंपाक, कॉलेज, देवपूजा, मैत्रिणींशी गप्पा, झोप. आपल्याकडे ही विद्या नवी नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाताई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. फलटणचं कमला निंबकर बालभवन ज्यांच्या नावाने आहे, त्याच या. मात्र लकवा, हाताच्या दुखापती आणि स्वमग्न मुलं यांच्यासाठी हे उपचार लोकांना जितके ठाऊक आहेत, तितके खाण्याच्या विकारांसाठी नाहीत.

विकार कोणते ते थोडक्यात. अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं इतकं कमी करतो की वजन धोकादायक पातळीला घसरतं. बुलिमियात ताबा सुटून खाणं आणि मग उलटी, उपवास किंवा अति व्यायाम करून ते ‘फेडणं’ असं चक्र चालतं. बिंज ईटिंगमध्ये ताबा सुटतो, पण फेडणं नसतं. चौथा विकार आरफिड. त्यात जाड होण्याची भीती नसते. पोत, वास, घशात अडकण्याची धास्ती किंवा मुळात भूकच नसणं यामुळे खाणं आक्रसत जातं. बिंज ईटिंगला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता मिळाली आणि आरफिड हे नाव आलं, ते अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत. भारतात अ‍ॅनोरेक्सियाच्या काही रुग्णांत ‘मी जाड आहे’ ही तक्रार ऐकूच येत नाही. पोट गच्च वाटतं, अन्न पचत नाही, इच्छा नाही, असं सांगितलं जातं. मग पोटाच्या तपासण्यांतच महिने जातात.

कोण काय करतं

किती आणि काय खायचं हे आहारतज्ज्ञ ठरवतात. भीतीमागचे विचार मानसशास्त्रज्ञ हाताळतात. औषधं, सोबतचं नैराश्य आणि एकूण दिशा मानसोपचारतज्ज्ञ बघतात, तर शरीराची सुरक्षितता फिजिशियन. व्यवसायोपचारकाचा प्रश्न वेगळा असतो: कागदावरचा हा आहार मंगळवारी दुपारी सव्वा वाजता, या स्वयंपाकघरात, या माणसांमध्ये प्रत्यक्ष घडणार कसा?

हेही स्पष्ट असू द्या की हा मुख्य उपचाराला पर्याय नाही. किशोरवयीन मुलांसाठी कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार आणि मोठ्यांसाठी खाण्याच्या विकारांकरता बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी बोलण्यातून दिली जाणारी उपचारपद्धती) यांना सर्वांत भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेतही भर त्यांच्यावरच आहे. व्यवसायोपचारावरचं संशोधन छोट्या अभ्यासांचं आणि अनुभवी उपचारकांच्या वर्णनांचं आहे. तरीही त्याची जागा कुठे, ते रुग्णालयातून घरी गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यात कळतं. वॉर्डात ताट समोर येतं, वेळ ठरलेली असते, कुणीतरी शेजारी बसतं. घरी यातलं काहीच नसतं. वॉर्डात सहा आठवडे नीट जेवलेली मुलगी घरी तिसऱ्या दिवशी अडते. ‘इच्छाशक्ती कमी पडली’ असा शिक्का लगेच बसतो, पण घरच्या जेवणातल्या वीसपैकी पंधरा कृतींचा सराव तिने केलेलाच नसतो.

आधी शरीर

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, जागेपणी नाडी मिनिटाला ४० च्या खाली, रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं, सतत उलट्या: यातलं काही असेल तर स्वयंपाकाचे धडे थांबतात, रुग्णालय आधी. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न एकदम वाढवलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरू शकतं आणि हृदयावर, श्वासावर बेतू शकतं. म्हणून ‘आता भरपूर खाऊ घाला’ हा घरगुती उपाय खूप खंगलेल्या माणसासाठी धोक्याचा. सुरुवातीचं अन्न डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीत, रक्ततपासण्यांसह वाढवायचं.

उपासमारीने मेंदूचंही काम मंदावतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. मुलं स्वेच्छेने आली होती, कुणालाच खाण्याचा विकार नव्हता. वजन साधारण पाव हिश्शाने उतरल्यावर ती दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, एकेक जेवण ताणून चघळू लागली, मित्रांपासून तुटली. ज्या गोष्टी आपण हट्ट किंवा नाटक समजतो, त्यातल्या बऱ्याच भुकेच्या असतात. त्यामुळे वजन फार कमी असताना व्यवसायोपचारक मोठी उद्दिष्टं ठेवत नाही. बसून, वीस-पंचवीस मिनिटांत संपणारी, फार डोकं न लावावी लागणारी कामं देतो.

पहिल्या भेटी

पहिलं साधन अगदी साधं आहे: २४ तासांचा तक्ता, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांचा. आठवडाभर काय केलं, कुणासोबत आणि तेव्हा कसं वाटत होतं ते भरायचं. यात उष्मांक लिहायचे नाहीत. तक्ता भरून आला की आजाराने दिवसाचा किती भाग गिळलाय ते डोळ्यांसमोर येतं: आरशासमोरचा वेळ, पाककृतींचे व्हिडिओ, जेवणाआधीची दोन तासांची काळजी, जिन्याच्या फेऱ्या. आणि छंद, मैत्रिणी, अभ्यास कुठून हद्दपार झाले तेही.

दुसरं साधन कॅनडात तयार झालेली एक मुलाखत. रोजच्या आयुष्यात काय अडतंय ते रुग्ण स्वतः सांगतो, त्यातल्या जास्तीत जास्त पाच गोष्टी निवडतो आणि महत्त्व, किती जमतं, समाधान किती, यांना १ ते १० गुण देतो. समजा, ‘कॉलेजच्या कँटीनमध्ये मैत्रिणींसोबत बसणं’ याला महत्त्व ९, जमतं २, समाधान १. काही आठवड्यांनी पुन्हा गुण घेतले आणि २ किंवा जास्त गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल मानतात. गुणांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे उद्दिष्ट रुग्णाचं असतं. ‘वजन वाढव’ हे कुणालाच स्वतःचं वाटत नाही. कँटीन वाटतं.

स्वयंपाकघर

बरेच रुग्ण उत्तम स्वयंपाक करतात. घरादाराला खाऊ घालतात, स्वतः मात्र ‘नंतर जेवते’ म्हणून सटकतात. मिनेसोटातली ती पाककृतींची पुस्तकं इथे आठवावीत. त्यामुळे ‘तिला स्वयंपाकात गुंतवा’ हा सल्ला उलटू शकतो. थेरपीच्या स्वयंपाकाचा पहिला नियमच असतो: जो शिजवेल तो त्याच बैठकीत, तेच खाईल. बैठक साधारण दीड ते दोन तासांची असते आणि उपचारक शेजारी बसून तेच जेवतो. समोर वही घेऊन निरीक्षण करणाऱ्यापुढे कुणाच्याही घशाखाली घास उतरत नाही.

पायऱ्या लहान ठेवतात. रुग्ण आपल्या भीतीच्या पदार्थांची उतरंड मांडतो आणि प्रत्येकाला ० ते १०० असे अस्वस्थतेचे गुण देतो. मुगाची खिचडी २०, पोळीला तूप ४५, बटाट्याची परतून केलेली भाजी ६०, बाहेरचा वडापाव ९०, असं काहीसं. सुरुवात ३०-४० च्या आसपासच्या पदार्थापासून करतात. शंभरापासून सुरू केलं तर एकदा गिळलं जाईल, पण पुढच्या वेळी रुग्ण येणार नाही. आणि अगदी दहावरच घुटमळत राहिलं तर शिकण्यासारखं काही घडत नाही. एक पदार्थ एकदा खाऊन भागत नाही. तो वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी परत परत यावा लागतो, तेव्हा गुण उतरतात.

मोजमापाची सवय तीन टप्प्यांत सोडवतात. घरात वजनकाटा असेल तर आधी काट्याऐवजी वाटी आणि डाव. ते जमलं की वाटीऐवजी नजर. शेवटी दुसऱ्याने केलेलं, ज्यात तेल किती पडलं ते माहीत नाही असं अन्न. या शेवटच्या टप्प्यावर बराच काळ लागतो, आणि लागू द्यावा. फोडणीचं तेल हे मराठी स्वयंपाकघरातलं अवघड ठिकाण. तिथे उपचारक तेल स्वतः ओतत नाही, पळी रुग्णाच्याच हातात देतो आणि पाककृतीत लिहिलंय तेवढंच घालायला लावतो. हात थरथरला तरी चालतो. पळी परत डब्यात रिकामी झाली तर तिथे थांबून बोलायचं.

मग वाढून घेणं. आपल्याकडे हा खास विषय आहे, कारण बऱ्याच घरांत वाढणारं माणूस वेगळं असतं. ताट आई भरते, त्यामुळे आपलं पोट किती हे मुलगी कधी ठरवतच नाही. नंतर हॉस्टेलच्या मेसमध्ये एकटी उभी राहिली की गोंधळते. सराव असा करतात: आहारतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे एक नमुन्याचं ताट आधी तयार करून झाकून ठेवायचं. रुग्णाने आपलं ताट अंदाजाने वाढून घ्यायचं. मग झाकण काढून दोन्ही शेजारी ठेवायची. फरक कुणी सांगावा लागत नाही. भात जवळपास बरोबर, पोळी एक कमी, डाळीची वाटी अर्धी, हे त्यालाच दिसतं आणि तो स्वतःच भर घालतो. दोन-चार आठवड्यांनी नमुन्याचं ताट काढून टाकतात.

जेवायला साधारण अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं, ही अनेक उपचार केंद्रांतली मर्यादा घरीही उपयोगी पडते. फार हळू खाणाऱ्याला ती सोडवते, आणि भरभर खाणाऱ्याला मध्ये दोनदा हात थांबवून पाणी प्यायला शिकवावं लागतं. दिवसाची रचना घड्याळावर ठेवतात: तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. ‘भूक लागली की खा’ हा एरवी शहाणा सल्ला इथे चालत नाही, कारण आजारात भूक आणि तृप्ती दोन्ही जाणिवा बिघडलेल्या असतात. त्या परत येतात, पण नियमित खाण्याच्या मागून.

नंतरचा तास

उपाशी राहिलेल्याचं जठर हळू रिकामं होतं. पोट दगडासारखं वाटतं, ते खरोखरच तसं वाटत असतं. ‘काही नाही गं, मनाचे खेळ’ म्हणू नये. हा तास पार पाडायला हातांना काम हवं, आणि काम नेमकं बेतलेलं हवं: दोन्ही हात गुंततील, लक्ष थोडं लागेल, पण चुकलं तर बिघडणार नाही. वाती वळणं, गजरा ओवणं, क्रोशाचा साधा चौकोन, पत्ते, चिकणमाती. मोबाइल नको. एक हात रिकामा राहतो आणि पडद्यावर दुसऱ्यांची शरीरं येत राहतात.

इथे एक चूक वारंवार होते. अ‍ॅनोरेक्सियाचे अनेक रुग्ण काटेकोर असतात. त्यांना बारीक नक्षीकाम दिलं की ते टाके उसवून पुन्हा घालत बसतात, ताण वाढतो आणि आजाराला नवं मैदान मिळतं. अशांना मुद्दाम ओबडधोबड, वेळ लावलेलं काम द्यायचं: वीस मिनिटांत मातीचा वाडगा, जसा होईल तसा, आणि तसाच ठेवून द्यायचा. उलट्यांची सवय असेल तर या तासात माणसांत बसणं ठरवून घेतात. न्हाणीघराच्या दाराशी पहारा ठेवण्यापेक्षा सोबत पत्ते खेळणारा भाऊ जास्त कामाचा.

आग्रह, उपवास, पंगत

घरच्यांना उपचारात घ्यावंच लागतं. ‘अजून एक घे’ आणि ‘किती बारीक झालीस’ ही दोन वाक्यं बंद. ‘आता छान भरलीस’ हेही बंद; रुग्णाच्या कानाला ते ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं. ताटाकडे न बघता गप्पा मारायच्या आणि ठरलेलं राहिलं असेल तर एकदाच, शांतपणे सांगायचं: ‘तेवढी आमटी राहिली आहे.’ कोण सांगणार तेही आधीच ठरवायचं, नाहीतर आजी, बाबा आणि आत्या एकाच वेळी बोलतात.

उपवासांचा प्रश्न नाजूक असतो. संकष्टी, एकादशी, नवरात्र धरलं की न खाण्याला घरातूनच कौतुक मिळतं. श्रद्धेशी वाद घालून काही हाती लागत नाही. उपचारक विचारतो की या व्रतात तुला खाण्याशिवाय काय जवळचं वाटतं. पोथी वाचणं असेल, देवासाठी हार करणं असेल, देवळात जाणं असेल. ते सगळं ठेवायचं आणि उपास तेवढा बरं होईपर्यंत सोडायचा. आजारी माणसाला उपासातून सूट असते हे बहुतेक घरांतली आजीच सांगते, तिलाच बोलायला लावावं.

लग्नाची पंगत किंवा बुफे ही शेवटची परीक्षा, तिची आधी रंगीत तालीम होते. पहिल्यांदा उपचारकासोबत उडप्याच्या हॉटेलात, गर्दी नसताना, पदार्थ घरून ठरवून. मग गर्दीच्या वेळी. मग पदार्थ तिथे जाऊन दहा मिनिटांत निवडायचा. मग मैत्रिणीसोबत, उपचारक फक्त फोनवर.

जिथे ताबा सुटतो

बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्ये तुटलेली कडी बहुतेकदा ताटाच्या आधी सापडते. २४ तासांच्या तक्त्यात नमुना दिसतो: सकाळी फक्त चहा, दुपारचा डबा तसाच परत, संध्याकाळी साडेपाचला रिकामं घर, आणि साडेसहाला ताबा सुटलेला. इथे शिस्त शिकवण्याचा उपयोग नाही, आधी दुपारचा डबा संपला पाहिजे. मग साडेपाच ते आठ या वेळेत माणसांतलं काहीतरी बसवायचं, शक्यतो घराबाहेर. घरी येण्याचा रस्ता बेकरीवरून जात असेल तर काही आठवडे दुसरा रस्ता घ्यायचा, आणि नंतर मुद्दाम त्याच बेकरीत जाऊन एक खारी घेऊन तिथेच खायचा सराव करायचा. कायमचं टाळणं हा उपचार नव्हे. ताबा सुटला तरी पुढचं जेवण वेळेवरच. ते वगळलं की चक्र नव्याने सुरू.

आरफिडमध्ये पद्धत निराळी. मूल फक्त ग्लुकोज बिस्कीट आणि पांढरा भात खातं असं समजा. एका वेळी एकच गुण बदलायचा: तेच बिस्कीट वेगळ्या आकाराचं, मग दुसऱ्या चवीचं, मग टोस्ट, मग टोस्टला किंचित तूप. नव्या पदार्थाच्या पायऱ्या म्हणजे टेबलावर असू देणं, हात लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, चावून टाकणं, आणि मग गिळणं. टाकायला वाटी शेजारी ठेवायची. तिच्यामुळे धाडस वाढतं. लपवून भाज्या घालू नका. मुलाच्या एकदा लक्षात आलं की जो भात तो खात होता तोही सुटतो.

व्यायाम आणि कपडे यांबद्दल थोडंसंच. चालणं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर परत येतं, पण पावलं मोजणारं घड्याळ काढून, कुणासोबत तरी आणि पाऊस आला तर मध्येच परत फिरण्याच्या अटीवर. मध्येच परत फिरता येणं हाच सराव. जुने घट्ट कपडे कपाटातून बांधून बाहेर काढायचे. नवे घ्यायला जाताना सोबतीने दोन-तीनच नग निवडायचे आणि घरी आल्यावर मापाची चिठ्ठी कापून टाकायची.

उपचार संपत येताना एक कार्ड लिहून घेतात. आजार परत डोकावतोय याच्या त्या माणसाच्या स्वतःच्या तीन खुणा (मधलं खाणं गळणं, एकटीने जेवणं, पुन्हा जिने), त्या आधी कुणाच्या लक्षात येतील त्याचं नाव, आणि पहिल्या ४८ तासांत काय करायचं. कार्ड घरच्यांसमोर लिहायचं, म्हणजे पुढे त्यांनी बोट दाखवलं तर ती चहाडी ठरत नाही.

महाराष्ट्रात या कामाचा अनुभव असलेले व्यवसायोपचारक थोडे आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात आधी चौकशी करावी. कुठे जायचं तेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करता येतो. उपचारक भेटले की विचारा: मानसिक आजारांत काम केलंय का, आमच्या डॉक्टरांशी आणि आहारतज्ज्ञांशी बोलाल का, घरी किंवा कँटीनमध्ये येता का. आणि एक प्रश्न विसरू नका: तुम्ही सोबत जेवाल का? या कामात मुरलेल्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटत नाही.